भिंतीवरचे चित्र, भिंतीतली माती

1990च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात काही देखणे गालिचे विक्रीला आले. त्यांवर तिथल्या आदिवासी चित्रकारांची चित्रे विणलेली होती. गालिचे व्हिएतनाममध्ये तयार झाले होते आणि चित्रे उचलली होती ती शिक्षणासाठी प्रसिद्ध झालेल्या छापील संग्रहांतून. प्रत्येक गालिच्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, की विक्रीतला वाटा चित्रकारांना मिळतो. चित्रकारांना यातले काहीही ठाऊक नव्हते.

त्यांतले एक चित्र बांडुक मारिका यांचे होते. आर्नहेम लँडमधल्या यिरकला इथल्या या चित्रकर्तीने आपल्या कुळाचा पवित्र पाणवठा रेखाटला होता. ती कथा चितारण्याचा अधिकार त्यांना कुळाकडून मिळाला होता आणि त्या अधिकाराबरोबर जबाबदारीही आली होती. चित्राचा वापर कुठे आणि कसा होतो, याचा जाब त्यांना आपल्या लोकांपुढे द्यावा लागणार होता. चोरी दुसऱ्याने केली असली तरी. तो पाणवठा आता दिवाणखान्यांत आणि कार्यालयांत लोकांच्या पायाखाली जाणार होता.

मारिका, जॉर्ज मिलपुरुरु आणि टिम पायुंका यांच्यासह आठ चित्रकारांच्या वतीने खटला उभा राहिला. त्यांतले पाच जण तेव्हा हयात नव्हते. 1994 मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला : सुमारे 1 लाख 88 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई आणि न विकलेले गालिचे परत. न्यायालयाने भरपाई ठरवताना बाजारभावाने झालेल्या नुकसानीच्या पुढे जाऊन चित्रकारांना त्यांच्या समाजात सोसावा लागलेला त्रासही मोजला. रक्कम एकत्रित दिली, म्हणजे चित्रकारांना ती आपल्या रीतीप्रमाणे वाटून घेता यावी. अंतर्गत सजावट शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा हा निकाल आहे.

कारण ‘आमच्या ऑफिसात इथल्या मातीचे काहीतरी दिसले पाहिजे’ ही मागणी आता जगभर सर्रास होते. मागणी चांगलीच आहे. अडचण आहे ती तिच्या उत्तरात. सर्वांत सोपे उत्तर म्हणजे चित्र, आणि चित्र नेहमी शेवटी येते. प्लायवूड आणि लॅमिनेट ठरते, जिप्समचे फॉल्स सीलिंग ठरते, नायलॉनचा गालिचा, काचेची पार्टिशन आणि वातानुकूलन ठरते. मग स्वागतकक्षामागे जी भिंत रिकामी राहते तिच्यावर स्थानिक संस्कृती रंगवून घेतली जाते. चित्राखालची भिंत मात्र कुठल्याही देशातल्या कुठल्याही शहरातली असते.

ती भिंत टिकतही नाही. भारतात व्यापारी जागेचा भाडेकरार बऱ्याचदा तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांनी नऊ वर्षांचा होतो. जागा सोडताना ती ‘बेअर शेल’, म्हणजे उघड्या सांगाड्याच्या स्थितीत परत करण्याची अट अनेक करारांत असते. खिळे मारून आणि गोंदाने चिकटवून बसवलेले बोर्ड सुटे करता येत नाहीत. ते तोडले जातात आणि राडारोड्याच्या डंपरमधून शहराबाहेर जातात. इमारतीचा सांगाडा 50 वर्षे उभा राहिला तर तेवढ्या काळात तिच्या आतले कार्यालय पाच वेळा तरी नव्याने उभे होते. पर्यावरणस्नेही इमारतींची चर्चा बहुतेक वेळा बाहेरच्या भिंती, काचा आणि छत यांच्यापाशी थांबते. आतला माल वारंवार बदलत असल्याने तो कुठून येतो आणि कुठे जातो हा प्रश्न तितकाच मोठा आहे.

या दोन्ही प्रश्नांना, म्हणजे माल कुठला आणि संस्कृती कुणाची याला, एकाच इमारतीत उत्तर मिळाल्याचे एक उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. उत्तर बेटाच्या पूर्वेला फाकाताने शहराच्या दक्षिणेस तानेआतुआ नावाचे लहानसे गाव आहे. मार्च 2014 मध्ये तिथे तूहोए या माओरी समाजाचे मुख्य कार्यालय सुरू झाले. इमारतीचे नाव ‘ते कुरा फारे’. सुमारे दीड कोटी न्यूझीलंड डॉलर खर्चून बांधलेल्या या इमारतीत समाजाच्या कारभाराची कार्यालये आहेत, सभागृह आहे, ग्रंथालय आणि दप्तरखाना आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कॅफेही आहे. सरकारी तालुका कचेरीत चालते तसेच कामकाज इथे चालते : बैठका, हिशेब, जमिनीचे कागद, आरोग्य आणि घरांच्या योजना.

तूहोए कोण, हे कळल्याशिवाय ही इमारत कळत नाही. ‘ते उरेवेरा’ या डोंगराळ, धुक्याने भरलेल्या अरण्याचे ते लोक. पर्वत आणि धुक्याची कन्या हिने-पुकोहु-रांगी यांच्यापासून आपला वंश निघाला असे ते सांगतात. 1840च्या वाइतांगी करारावर त्यांनी सही केली नव्हती. तरीही 1866 मध्ये वसाहतीच्या सरकारने त्यांची सपाट, सुपीक जमीन जप्त केली आणि त्यांना डोंगरात ढकलले. 1916 मध्ये सशस्त्र पोलिसांनी माउंगापोहातू इथे जाऊन रुआ केनाना या धर्मपुरुषाला अटक केली. त्या झटापटीत त्याचा मुलगा मारला गेला. 1954 मध्ये उरेवेराचे राष्ट्रीय उद्यान झाले, त्यासाठी समाजाची संमती कुणी घेतली नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या नावाखाली पोलिसांनी तानेआतुआजवळच्या रुआतोकी खोऱ्यात रस्ते अडवून झडत्या घेतल्या. त्याबद्दल पोलीस दलाला पुढे माफी मागावी लागली.

अशा समाजाने आपले कार्यालय बांधायचे ठरवले तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो जमिनीशी असलेले नाते भिंती, छत आणि नळ यांच्यात कसे उतरवायचे हा. त्यांनी वास्तुरचनेची जी कसोटी निवडली ती जगातल्या सर्वांत कठोर कसोट्यांपैकी एक आहे. ‘लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज’ ही 2006 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली प्रमाणपद्धती जागा, पाणी, ऊर्जा, आरोग्य, साहित्य, समन्याय आणि सौंदर्य अशा सात बाजूंनी इमारत तपासते. वर्षभरात लागेल तेवढी वीज इमारतीने स्वतःच तयार करायची. पाणी जागेवरच मिळवायचे, सांडपाणी जागेवरच शुद्ध करायचे. आणि हे सारे कागदावरच्या अंदाजाने सिद्ध होत नाही. लोक राहू-वावरू लागल्यावर सलग 12 महिन्यांची प्रत्यक्ष मोजणी दाखवावी लागते. ते कुरा फारे ही न्यूझीलंडमध्ये या कसोटीला पूर्ण उतरलेली पहिली इमारत ठरली.

रचनेची जबाबदारी जॅसमॅक्स या वास्तुसंस्थेकडे होती आणि प्रमुख वास्तुकार होते इव्हान मर्सेप. वेलिंग्टनमधले ‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालयही त्यांच्याच कारकिर्दीतले. तानेआतुआची इमारत सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात ते वारले.

इमारतीच्या आतल्या भिंतींमध्ये सुमारे 5 हजार कच्च्या विटा आहेत. त्या तूहोए लोकांनी स्वतःच्या हातांनी पाडल्या. कच्ची वीट म्हणजे माती, पाणी, साचा आणि ऊन. भट्टीत भाजण्यासाठी जे 900 ते 1000 अंश तापमान आणि त्यासाठीचे इंधन लागते ते इथे लागत नाही. न्यूझीलंड भूकंपाचा देश असल्याने अशा विटांवर छताचा भार टाकणे धोक्याचे असते. भार लाकडाच्या चौकटीने घ्यायचा आणि मातीने आतल्या हवेची काळजी घ्यायची, ही विभागणी तिथे शहाणपणाची आहे.

मातीची भिंत कार्यालयात नेमके काय करते, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. दुपारचे ऊन खिडकीतून आत आले की जड भिंत ती उष्णता हळूहळू पोटात घेते आणि खोली एकदम तापत नाही. संध्याकाळी हवा गार झाल्यावर तीच उष्णता परत मिळते. थंडीत पहाटे दव गोठणाऱ्या खोऱ्यात याचा फायदा हीटरच्या बिलात दिसतो. चिकणमातीचे कण हवेतले जादा बाष्प शोषतात आणि हवा कोरडी झाली की सोडतात, त्यामुळे दहा माणसे बसलेल्या बैठकीच्या खोलीतही हवा कुंद होत नाही. आवाजाचेही तसेच. काच आणि जिप्सममध्ये बोलणे घुमते किंवा शेजारच्या केबिनमध्ये ऐकू जाते. मातीची जाड, खरखरीत भिंत ते अडवते. एवढी कामे करणारी वस्तू कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही. आणि कधी ती भिंत पाडावीच लागली, तर तिची पुन्हा माती होते.

पण भौतिकशास्त्राइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे विटा कुणी पाडल्या. ज्याने साच्यात माती दाबली तो उद्या त्याच इमारतीत आपल्या जमिनीच्या कामासाठी येतो. त्याच्या मुलांना तो आपली वीट दाखवू शकतो. सजावटीच्या ठेकेदाराने आणलेल्या कुठल्याही ‘स्थानिक’ वस्तूत हे येत नाही. समन्याय ही बाजू बहुतेक प्रमाणपत्रांत एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. इथे ती भिंतीच्या जाडीइतकी ठोस झाली.

साहित्याची बाजू सर्वांत अवघड गेली असणार, कारण या पद्धतीत निषिद्ध रसायनांची एक लांबलचक लाल यादी आहे. पीव्हीसी, फॉर्माल्डिहाइड, शिसे, पारा, अ‍ॅस्बेस्टॉस आणि काही अग्निरोधके त्यात येतात. विजेच्या तारांवरचे आवरण, खुर्चीतला फोम, दरवाजाचा गोंद, फरशीवरचे पॉलिश, प्रत्येकाच्या उत्पादकाला पत्र लिहून घटक विचारावे लागतात. न्यूझीलंडमध्ये आणखी एक पेच आहे. तिथल्या बांधकामात सर्वत्र दिसणारे पाइनचे लाकूड कीड-बुरशीपासून वाचवण्यासाठी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणात मुरवण्याची रीत आहे. लाल यादीत आर्सेनिकने मुरवलेले लाकूड बसत नाही. म्हणजे त्या देशाच्या बाजारात सहज मिळणारा माल इथे बाद. साहित्य ठरावीक अंतराच्या आतूनच आणायचे, हाही नियम आहे, त्यामुळे परदेशातून ‘शुद्ध’ माल मागवून सुटका करून घेता येत नाही. शेवटी आसपासचे जंगल, आसपासचे कारागीर आणि आसपासचे कारखाने यांच्याशीच बोलावे लागते.

फॉर्माल्डिहाइडबद्दल भारतीय वाचकाने विशेष जागरूक राहायला हवे. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचे थर ज्या रेझिनने चिकटवतात त्यातून हा वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो. नव्या ऑफिसचा म्हणून जो वास लोकांना सुखद वाटतो त्यात त्याचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. खिडक्या न उघडणाऱ्या, वातानुकूलित कार्यालयात तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. ते कुरा फारेसारख्या इमारतीत प्रत्येक बसायच्या जागेला उघडणारी खिडकी आणि उजेड असावाच लागतो.

पाण्याची व्यवस्था बाहेरून पाहणाऱ्याला बागेसारखी दिसते. छतावरचे पावसाचे पाणी साठवले जाते. वापरलेले पाणी पाणवनस्पती लावलेल्या कृत्रिम दलदलीतून सावकाश झिरपते, मुळांभोवतीचे जिवाणू त्यातली घाण खातात आणि शुद्ध झालेले पाणी त्याच जमिनीत परत जाते. छपरावरच्या सौरपटलांतून वीज मिळते. अशा कार्यालयात काम करणाऱ्यांना आपल्या सवयी इमारतीशी जुळवून घ्याव्या लागतात. कोणते रसायन सांडपाण्यात ओतायचे नाही, कोणती खिडकी कधी उघडायची, हे शिपायापासून अध्यक्षापर्यंत सगळ्यांना माहीत असावे लागते. दलदलीतल्या वनस्पती मेल्या तर कुणाचे चुकले हे लपत नाही.

त्याच वर्षी, जुलै 2014 मध्ये, न्यूझीलंडच्या संसदेने ते उरेवेराचा कायदा केला. राष्ट्रीय उद्यान संपले आणि 2 हजार 127 चौरस किलोमीटरचे ते अरण्य कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक व्यक्ती झाले. त्याची मालकी सरकारची नाही आणि तूहोएंचीही नाही. 17 कोटी न्यूझीलंड डॉलरच्या तडजोडीवर आदल्या वर्षी सह्या झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये सरकारच्या वतीने मंत्री ख्रिस फिनलेसन यांनी तानेआतुआला येऊन समाजाची औपचारिक माफी मागितली. कार्यालयाची इमारत आणि हा कायदा यांना वेगळे करून पाहता येत नाही. नदीत सांडपाणी सोडणार नाही, हा नळाच्या जोडणीतला निर्णय आणि अरण्य कुणाच्या मालकीचे नाही, हा कायद्यातला निर्णय एकाच विचारातून आले आहेत.

माओरी रचनेत जागांची मांडणीही स्वतःचा विचार घेऊन येते. पारंपरिक सभाघर म्हणजे पूर्वजाचा देह : आढे हा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूचे तिरपे पाखे हे पसरलेले हात. त्या देहात बसून समाज बोलतो. अन्न शिजवण्या-खाण्याची जागा त्यापासून वेगळी इमारत असते, कारण पवित्र आणि रोजचे यांची सरमिसळ करायची नसते. आधुनिक कार्यालयात याचा अर्थ अगदी व्यावहारिक होतो. चहाची पँट्री बैठकीच्या दालनाच्या पोटात घालायची नाही. पाहुण्याला थेट टेबलापाशी न नेता आधी उंबऱ्यावर स्वागताला पुरेशी जागा ठेवायची. ही मांडणी जाणणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कुठल्याही संदर्भग्रंथातून नीट सापडत नाही.

म्हणून ऑकलंडमध्ये वापरली जाणारी ‘ते अरांगा’ ही माओरी रचनातत्त्वे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. 2000च्या दशकाच्या उत्तरार्धात माओरी वास्तुकार, नियोजनकार आणि कलावंतांनी ती घडवली आणि पुढे ती शहराच्या रचना-मार्गदर्शिकेत आली. तत्त्वे सात. निर्णयात स्थानिक समाजाचे स्थान पहिले, मग वंश आणि नावे, निसर्ग, माती-पाण्याचे आरोग्य, कलाविष्कार, भूभागातल्या खुणा आणि शेवटी त्या जागेवर समाजाची जिवंत उपस्थिती. कलेचा वाटा सातातला एक आहे. जगभरची बहुतेक कार्यालये त्या एकावरच थांबतात.

चित्राऐवजी आकार उचलला तर? त्या मार्गानेही जबाबदारीने जाता येते, याचा दाखला नॉर्वेच्या उत्तर टोकाला कारास्योक इथे आहे. रेनडिअर पाळणाऱ्या सामी समाजाच्या संसदेची इमारत 2 नोव्हेंबर 2000 रोजी राजे हाराल्ड यांनी खुली केली. स्टाइन हाल्वोर्सेन आणि क्रिस्तियान सुंडबी यांच्या रचनेत सभागृह उंच, निमुळते, सामींच्या ‘लाव्वो’ तंबूसारखे आहे. बाहेरून लार्च लाकडाचे आच्छादन आहे, रंग न दिलेले लाकूड हिमात आणि वाऱ्यात करडे होत जाते. तंबूचा आकार म्हटल्यावर तो पर्यटकांसाठी काढलेला नमुना वाटू शकेल. पण 1979 मध्ये आल्टा नदीवरच्या धरणाविरोधात सामी तरुणांनी ऑस्लोत नॉर्वेच्या संसदेसमोर उपोषण केले होते, ते लाव्वो उभारूनच. धरण झाले, मात्र त्या आंदोलनातून सामी हक्कांचा प्रश्न देशापुढे आला आणि 1989 मध्ये सामी संसद भरली. त्या सभागृहात बसणाऱ्याला त्या आकारात आपल्या राजकारणाचा इतिहास दिसतो. आकार उसना नाही, कारण तो आधी रस्त्यावर उभा राहिला होता.

महाराष्ट्रात हा विषय आला की वारली चित्र डोळ्यांपुढे येते. ते स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल आनंद वाटावा असेही आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी डहाणू तालुक्यातल्या आपल्या पाड्यावरून ही कला जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. तरीही मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत भिंतीवर जे तारपानृत्य दिसते ते अनेकदा छापील वॉलपेपर असतो किंवा स्टेन्सिल वापरून इतर कुणी रंगवलेले. बांडुक मारिकांच्या पाणवठ्याचा प्रश्न इथे शब्दशः लागू होतो. वारल्यांचा चौक हे लग्नातले चित्र आहे. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर काढतात, त्यात पालघट देवी बसते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. तोच चौक पँट्रीतल्या कॉफी-यंत्राच्या मागे छापायचा का, हे ज्यांचा तो आहे त्यांना विचारून ठरायला हवे. शेतीची, जंगलाची, नृत्याची चित्रे कलावंत आनंदाने काढून देतात. काय द्यायचे आणि काय नाही, हे सांगण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहिला पाहिजे.

शिवाय ज्या भिंतीवर ते चित्र जन्मले त्या भिंतीकडे कुणी पाहत नाही. वारली घराची भिंत कुडाची असते. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीचे लिंपण, त्यावर गेरू. भिंत हलकी असते आणि तिच्या फटींतून वारा खेळतो. पालघरच्या दमट हवेत हेच हवे. तूहोएंची जड मातीची भिंत तिथे नेऊन उभी केली तर घर ओलसर राहील. उलट खानदेशात आणि मराठवाड्यात, जिथे दिवस भाजून काढतो आणि रात्र गार होते, तिथे धाब्याच्या घरांच्या दोन-दोन हात जाड भिंती उगाच नव्हत्या. म्हणजे एकाच राज्यात स्थानिकतेची दोन उत्तरे परस्परविरुद्ध निघतात. ‘मातीचा लुक’ देणारा टेक्स्चर पेंट डहाणूतही तोच आणि जालन्यातही तोच लावणाऱ्याला ही गोष्ट कधी कळणार नाही.

कुडाचे तत्त्व आजच्या कार्यालयाला थेट उपयोगी आहे, कारण कार्यालयात लागतात त्या भार न घेणाऱ्या, हलक्या, पुन्हा सुट्या करता येणाऱ्या आडभिंती. कारवीपेक्षा बांबू मोठ्या प्रमाणात आणि नियमित मिळतो. बुरूड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बांबूचे तट्टे विणत आले आहेत. लाकडी चौकटीत बसवलेले, मागे लोकर किंवा नारळाच्या काथ्याचा थर दिलेले तट्टे पार्टिशन म्हणून, आणि आवाज शोषणारे छत म्हणूनही चांगले काम करतात. खिळ्यांऐवजी दोरी आणि स्क्रू वापरले तर करार संपल्यावर ते उचलून पुढच्या जागेत नेता येतात. एखादा तट्टा फाटला तर तेवढाच बदलता येतो, आणि तो बदलायला तोच कारागीर पुन्हा येतो. त्याला वर्षाकाठी काम मिळत राहते. अशा देखभालीचा करार सुरुवातीलाच लिहून घेतला तर ‘स्थानिक कारागिरांना प्रोत्साहन’ हे वार्षिक अहवालातले वाक्य प्रत्यक्षात दरमहा मजुरी म्हणून पोचते.

बांबूला पीठ पाडणारा भुंगा लागतो, ही खरी अडचण. तीन वर्षांपेक्षा कोवळा बांबू तोडू नये, कारण त्यात स्टार्च जास्त आणि भुंग्याला तेच हवे असते. तोडलेला बांबू बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवला की आतल्या वापरासाठी पुरेसा टिकतो. बाजारात आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेला मालही मिळू शकतो, तेव्हा न्यूझीलंडमधल्या लाल यादीचा धडा इथे गिरवावा लागतो : कशात मुरवला, हे लेखी मागायचे.

आणि बांबू कुठून आला, हेही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1 हजार 800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायदा 2006चा. त्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला होता, तरी वनखाते बांबूला झाड मानून वाहतुकीचा परवाना अडवत राहिले. गावाने देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने चिकाटीने पाठपुरावा केला. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून किती बांबू तोडायचा, कुणाला विकायचा आणि गाडीबरोबर कोणता कागद द्यायचा, हे ग्रामसभा ठरवू लागली. विदर्भातल्या इतर अनेक ग्रामसभांनीही पुढे तेंदू आणि बांबूची विक्री स्वतःच्या हाती घेतली.

नागपूर, पुणे किंवा मुंबईतल्या एखाद्या कार्यालयाला आपल्या छतासाठी हजार बांबू हवे असतील, तर खरेदी-विभागाच्या निविदेत दर आणि मुदतीच्या रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने सहज बसतात. बांबू कोणत्या ग्रामसभेच्या वाहतूक परवान्यावर आला, आणि तट्टे कोणत्या बुरूडाने विणले व त्याला नगाला किती मजुरी मिळाली. पुरवठादाराने परवान्याची प्रत बिलाला जोडायची, मजुरीच्या पावतीवर विणणाऱ्याची सही घ्यायची. वास्तुविशारदाने आराखड्यावर पहिली रेघ मारण्याआधी हे रकाने छापून घ्यायला हवेत, कारण बांबू किती मोठा आणि कोणत्या महिन्यात मिळेल, हे त्या ग्रामसभेशी बोलल्यावरच कळते, आणि छताची मापे त्यावरून ठरतात.